मागचं डावं चाक

ही घटना शंभर टक्के खरी आहे. यातला एकही शब्द पदरचा नाही.

ती प्रत्यक्ष पाहिलेली माणसं तीन. त्यातला एक जागच्या जागी मेला. दुसऱ्याने त्या दिवसानंतर तोंड उघडलेलं नाही. आणि तिसरा मोटार मेकॅनिक होता. ‘संध्याकाळी गाडी तयार’ हे वाक्य तो तीस वर्षं रोज म्हणत आला होता, त्यामुळे त्याच्या शब्दावर विसंबायची सवय रोह्यात कुणालाच नव्हती.

तरीही खरी आहे.

साल १९९८. श्रावणातली अमावस्या, शुक्रवार. वेळ बाराची. रात्रीच्या नव्हे, दुपारच्या. ज्यांना भूत रात्रीचंच लागतं त्यांनी इथूनच परत फिरावं.

तिसरा माणूस म्हणजे एलियास अष्टमकर. वय पंचावन्न. अष्टमी नाक्याजवळ पत्र्याचं गॅरेज, मागे दोन खोल्यांचं घर, घरात बायको एस्थर. बेने इस्राएल. वाडवडील खाडीकाठच्या गावांतून तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून लोक शनवार तेली म्हणत. घाणे गेले, बैल गेले, शनिवार राहिला. शुक्रवारी दुपारी बाराला एलियासच्या गॅरेजचं शटर खाली यायचं ते रविवारी सकाळी वर. कलेक्टरची जीप दारात बंद पडली असती तरी.

मंगळवारी सकाळी सात वाजता त्या शटरसमोर पेणच्या प्रवीणशेठची गाडी येऊन उभी राहिली.

गाडी जर्मन. दुबईहून आलेल्या कुणाकडून तरी शेठच्या हातात पडलेली. स्टेअरिंग डावीकडे, गिअर आपोआप पडणारे, आणि चाकांना मॅगव्हील. मधे हात जाईल एवढ्या फटी असलेली. शेठचा धंदा जमिनींचा. पेणच्या खारेपाटातली भातशेती घ्यायची, मुरूम टाकायचा, मुंबईच्या गिऱ्हाईकाला दाखवायची. आठ दिवसांवर गणपती आले होते. त्याच्याआधी गिऱ्हाईक येणार होतं, आणि त्याला याच गाडीतून हिंडवायचं होतं.

‘‘मिस्त्री, हा दिवा बघ.’’

एलियासने डोकं आत घातलं. समोरच्या काचेत एक पिवळा त्रिकोण उघडझाप करत होता. त्रिकोणात उद्गारचिन्ह. म्हणजे गाडीला कशाचं तरी आश्चर्य वाटत होतं.

‘‘मुंबईला तीन गॅरेजं झाली,’’ शेठ म्हणाला. ‘‘पहिल्याने कॉम्प्युटर बदलला. दुसऱ्याने पहिल्याचा कॉम्प्युटर बदलला. तिसरा म्हणतो, गाडी विका. मग कोण तरी म्हणालं, रोह्याला एक यहुदी मिस्त्री आहे. गाडी जर्मन आहे. तुमचं आणि जर्मन लोकांचं काहीतरी जुनं आहे ना रे?’’

‘‘आहे,’’ एलियास म्हणाला. ‘‘पण ते गाड्यांवरून नव्हतं.’’

शेठ हसला नाही. ड्रायव्हर हिरामण मात्र हसला.

तिथेच चुकलं.

हिरामण उतरत होता. डावा हात दाराच्या चौकटीवर होता. शेठने दार ढकललं. जोरात नाही, शांतपणे. महागड्या गाडीचा हाच फरक. दार लागल्याचा आवाज अगदी मऊ येतो. आत हिरामणची दोन बोटं असूनही मऊच आला.

हिरामण ओरडला तो नंतर.

‘‘महिना झाला, हा दिवा मला डोळा मारतोय,’’ शेठ दार उघडत म्हणाला. ‘‘आणि हा हसतोय. तुझा कामाचा हात कुठला, मिस्त्री? उजवा? शुक्रवारी येतो. तोवर दिवा बंद झाला नाही, तर बघू त्या हातात किती हाडं असतात.’’

‘‘शुक्रवारी बारापर्यंत या,’’ एलियास म्हणाला. ‘‘मग मी बंद करतो.’’

एवढं झाल्यावरही त्याने वेळ सांगितली. सवय, दुसरं काय.

शेठ दुसऱ्या गाडीत बसून गेला. गाडी आणि हिरामण मागे राहिले. पळून जायचा विचार एलियासच्या मनात आला, नाही असं नाही. पण रोह्यापासून पेणपर्यंत प्रत्येक नाक्यावर शेठचे डंपर उभे. आणि उजवा हात सोबतच न्यावा लागला असता.

एस्थरने हिरामणची बोटं बांधली. फुटपट्टी मोडून खपच्या केल्या.

‘‘पोलिसात जा रे बाबा.’’

‘‘आमचा शेत गेला मावशी. मंग शेटनीच नोकरी दिली. पोलिसात जाऊन काय सांगू, नोकरी देतो म्हणून?’’

एलियासने कामाला सुरुवात केली. असला दिवा त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण यंत्र माणसानेच केलेलं असतं, आणि माणूस एलियासने पाहिला होता. दोन तासांत त्याने ताडलं. प्रत्येक चाकापाशी एक कान बसवलेला आहे. चाक किती फिरलं ते तो कान मोजतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. मागच्या दोन चाकांना इंजिन फिरवतं. त्यातलं एखादं चिखलात घसरून भलतंच पळू लागलं, की कॉम्प्युटर त्याला ब्रेक लावतो आणि दिवा उघडझाप करतो. म्हणजे, सांभाळून रे, चाक घसरतंय.

गाडी कोरड्या कोब्यावर उभी होती.

त्याने वायरी पुसल्या, जोड घासले. साडेनऊला दिवा बंद झाला.

‘‘झालं!’’ एलियास म्हणाला.

बुधवारी सकाळी सातला चालू केली तर त्रिकोण हजर. कुठलंतरी चाक घसरतंय, हा हट्ट कायम. या वेळी एलियासने खरी मिस्त्रीगिरी केली. डाव्या चाकाचा कान उजव्याला लावला, उजव्याचा डाव्याला. कान खराब असेल तर दोष बाजू बदलेल. बदलला नाही. दोष डाव्यालाच. म्हणजे कान खरं सांगत होता, वायर खरं सांगत होती, कॉम्प्युटरही खरं सांगत होता. सव्वादहाला दिवा आपोआप बंद झाला.

‘‘झालं बहुतेक,’’ एलियास म्हणाला.

गुरुवारी त्याने मागची बाजू जॅकने उचलली. खाली दोन लोखंडी घोड्या लावल्या. दोन्ही मागची चाकं अधांतरी. हिरामणला आत बसवून गाडी गिअरमध्ये टाकायला सांगितली आणि स्वतः मागे उकिडवा बसला.

उजवं चाक फिरू लागलं.

डावं...

थांबलेलं होतं.

हवेत होतं. जमिनीपासून वीतभर वर. कशालाही टेकलेलं नव्हतं. आणि थांबलेलं होतं.

आत त्रिकोण लुकलुकत होता.

‘ब्रेक धरतोय,’ एलियासने स्वतःला समजावलं. त्याने गाडी बंद करून डाव्या चाकाचा ब्रेकच काढून बाजूला ठेवला. पुन्हा चालू. उजवं फिरतंय. डावं थांबलेलं. त्याने दोन्ही हातांनी टायर धरला आणि जोर लावला. चाक बोटभर सरकलं...

आणि परत मागे ओढलं गेलं.

अडकलेलं यंत्र असं वागत नाही. ते हलतं किंवा हलत नाही. हे हिसका देत होतं. रस्सीखेचीत समोरचा देतो तसा.

मग वास आला. खाडीच्या चिखलाचा. टायर कालच धुतलेला होता. त्यावर आता एक ओला डाग उमटत होता. एका कडेला तीन बोटं, दुसऱ्या कडेला अंगठा.

करंगळी नव्हती.

‘‘हिरामण. खाली ये जरा.’’

हिरामण आला. त्याने डाग पाहिला. मग तो सावकाश कोब्यावर बसला, पाय पोटाशी घेऊन.

तेवढ्यात एस्थर मागच्या दारातून आली. हातात सूप, सुपात बोंबील.

‘‘अकरा वाजून गेले. आता तुमचा दिवा विझेल बघा.’’

त्रिकोण विझला. डावं चाक सुरळीत फिरू लागलं.

‘‘तुला कसं कळलं?’’

‘‘चंद्रावती कोळीण आली ना. मंगळवारी साडेनऊला आली, तुमचा दिवा विझला. काल सव्वादहाला. आज अकराला. तिची होडी भरतीबरोबर धक्क्याला लागते, म्हणून ती रोज पाऊण तास उशिरा येते. तुमची हुशारीसुद्धा रोज पाऊण तास उशिरा येते. मला वाटलं, तुमचं ठरलंय दोघांचं.’’

एलियास हसला नाही. त्याने बोटांवर तिथी मोजली. भरती चढताना दिवा चालू. ओहोटी लागली की बंद.

‘‘गाव कुठला रे तुझा?’’ त्याने हिरामणला विचारलं.

‘‘कोळवेखार. पेणचा खारेपाट.’’

एलियासच्या आजोबांचा घाणा कोळवेखारला होता.

‘‘आणि तीन बोटं कुणाची?’’

‘‘माज्या भावाची. जनूची.’’ हिरामण टायरकडे बघत नव्हता. ‘‘करंगळी लहानपणी विळ्यानं गेलेली.’’

मग त्याने सांगितलं. तुकड्यातुकड्यांनी, मोडलेली बोटं छातीशी धरून.

खारेपाटातलं शेत समुद्रापासून वाचतं ते मातीच्या बांधामुळे. बांधाला खिंडार पडलं, त्याला खांड म्हणतात, तर खारं पाणी शेतात शिरतं आणि तीन वर्षं तिथे गवतही उगवत नाही. तशी जमीन स्वस्त मिळते. हे शेठला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याने दिवस निवडला आषाढातल्या अमावस्येचा. एक तर उधाणाची भरती, आणि त्यात गटारी. गावातले पुरुष कोंबडं-दारूत असणार. दोन माणसांनी दोन पहारी घेऊन बांध फोडला.

पण गाव दारूतही धावलं. खांड पडली की घरटी एक माणूस उतरतो, ही जुनी रीत. हातात हात गुंफून, तोंड चिखलात दाबून माणसं पाणी अडवतात आणि मागून बाकीचे ढेकळं टाकून खांड भरतात.

शेठ गंमत बघायला बांधावर गाडी घेऊन आला होता. ओल्या बांधावर गाडी घसरली. मागचं डावं चाक खांडीच्या काठावर, खाली चाळीस माणसं. जनू रांगेच्या कडेला होता. त्याने एका हाताने रांग धरली, दुसऱ्या हाताने ते चाक.

‘‘शेट सोता स्टेरिंगला व्हता. मी बाहेर, छत्री धरून. शेटनी बांदावरून मनाच बोलावलेला. मी वरडलो, शेट, दाबू नका! त्यानी दाबला. गाडी निंगाली. जनू...’’

त्याने चांगल्या हाताने हवेत एक गोल काढला.

‘‘चाकानी त्याला आत ओढला आनी खांडीत फेकला. वरून ढेकळा पडतच व्हती. कोनाला दिसला नाय. मना दिसला.’’

‘‘मग तू सांगितलं नाहीस?’’

‘‘शेटनी सांगितला, जनू मुंबईला पळाला. आनी दुसऱ्या दिशी मना नोकरी दिली.’’

एलियासने गाडी बंद केली.

‘‘ओहोटीची हाक कुणी दिली?’’ एलियासने विचारलं.

आता ही हाक काय ते सांगायला हवं. खांडीतल्या माणसाचं तोंड चिखलात असतं. त्याला पाणी चढतंय की उतरतंय ते दिसत नाही. बांधावर उभा असलेला एकच माणूस ते सांगतो. ‘भरती हाय, धरा!’ आणि शेवटी, ‘ओहोटी लागली, सोडा!’ ही हाक आल्याशिवाय कुणी हात सोडत नाही. आणि ती द्यायची कुणी? ज्याचं तिथे शेत नाही त्याने. शेतवाला माणूस ‘सोडा’ कधीच म्हणायचा नाही. तो म्हणेल, आणखी थोडं धरा, आणखी थोडं. माणसं मरतील, शेत वाचेल. म्हणून कोळवेखारची हाक तीन पिढ्या तेल्याकडे होती. घाण्याला भरती लागत नाही, आणि बांध राहिला काय, गेला काय, तेल्याचं काही बुडत नाही.

खोटी हाक एकदा दिली, की त्या माणसाची हाक संपली. मग तो बांधावर उभा राहून गळा फाडो. कुणी हलत नाही.

‘‘सखातात्यानी दिली,’’ हिरामण म्हणाला. ‘‘तुमचा घाना गेल्यावर तोच देतो. पन तात्याचा शेत हाय तीन एकर. आनी आमचा आजा सांगायचा, तेल्याची हाक आल्याबिगर सोडायचा नाय.’’

एलियास त्या रात्री जेवला नाही. एस्थरने विचारलं तेव्हा म्हणाला, ‘‘निदान झालं.’’

‘‘मग तोंड का पाडलंय? दुरुस्ती जमत नाही?’’

‘‘जमेल. उद्या बाराला.’’

बेत सोपा होता. शुक्रवारी अमावस्या, भरती पूर्ण होणार बाराला. धाटावच्या एका कंपनीचा भोंगाही बाराला वाजतो. पाणी फिरलं की चाकाशी तोंड न्यायचं आणि हाक द्यायची. खरी ओहोटी, खरी हाक, तेल्याच्या तोंडून. जनू सुटेल. दिवा विझेल. हात वाचेल. शटर खाली. घरी आंघोळ.

शुक्रवारी शेठ साडेअकरालाच आला. एकटाच. असल्या कामाला तो साक्षीदार आणत नसे.

गाडी घोड्यांवरच होती.

‘‘चालू कर.’’

‘‘शेठ, बारापर्यंत दम धरा. चहा घ्या.’’

‘‘बाराला काय मुहूर्त आहे? चालू कर म्हणतो ना.’’

हिरामणने चालू केली. उजवं चाक फिरलं. डावं थांबलेलं. आत त्रिकोण लुकलुक, लुकलुक. उधाणाची भरती होती. चाकातून बारीक थरथर निघत होती, ताणलेल्या दंडातून निघते तशी.

‘‘चाकच फिरत नाही?’’ शेठ म्हणाला. ‘‘तीन दिवसांत दिवा तर राहिला, चाकसुद्धा बंद पाडलंस?’’

‘‘बारा वाजता फिरेल.’’

‘‘आत्ता नाही फिरत?’’

‘‘नाही.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की.’’

‘‘मग भीती कसली?’’

शेठने एलियासची मान धरून त्याला चाकापाशी गुडघ्यावर आणलं. तोंडावर एक ठोसा दिला. दात हलला, रक्त आलं. मग उजवा हात पिरगाळून मॅगव्हीलच्या फटीतून कोपरापर्यंत आत घातला, आतल्या लोखंडाच्या मागे. कामाच्या टेबलावरची तार घेतली आणि मनगट आतल्या बाजूला आवळून टाकलं. हे सगळं त्याने फार सफाईने केलं. काही माणसांना हस्तकला जमते.

‘‘चाक फिरलं तर तू पास. नाही फिरलं तर हात शाबूत. तुझा दोन्हीकडून फायदा. हिरामण, दाब!’’

हिरामणला आतून मागचं काही दिसत नव्हतं. त्याने दाबलं.

इंजिन किंचाळलं. उजवं चाक धुरकट झालं. एलियासचं पूर्ण अंग ताठलं. त्याच्या हाताभोवतीचं चाक... जागचं हललं नाही.

त्याला ते आता जवळून कळत होतं. टायरच्या पलीकडे कुणीतरी धरून होतं. थंड. चिवट. त्याच्या श्वासाला खाडीचा वास होता.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला सहा मिनिटं कमी होती. एलियासला हिशेब कळला. बाराला पाणी उतरू लागणार. हात सैल पडणार. चाक फिरणार. एका फेऱ्यात त्याचा हात कोपरापासून पिळून निघणार, ओल्या धोतरासारखा.

‘‘हिरामण, सोड! अरे, माझा हात आहे!’’

इंजिनाच्या आवाजात ते कुठे जातंय.

‘‘दाब!’’ शेठ ओरडला. ‘‘पाय उचललास तर दुसरा हात पण दारात!’’

चार मिनिटं. दोन.

मग भोंगा वाजला.

आणि टायरवरची पकड...

एक बोट सुटलं. एलियासला ते स्पष्ट जाणवलं. मग दुसरं. चाक बोटभर सरकलं. त्याचं मनगट आतल्या लोखंडावर दाबलं गेलं आणि हाडातून एक बारीकसा आवाज आला.

मरताना म्हणायची प्रार्थना एलियासला लहानपणापासून पाठ होती. ती तोंडात यायला हवी होती. तोंडात आली ती हाक. आजोबांच्या आवाजात, आजोबांच्या चालीवर.

‘‘भरती हाय, जनू! भरती हाय! धर! धर!’’

ओहोटी लागून दोन मिनिटं झाली होती.

चाक गच्चकन मागे आलं. पकड अशी बसली, की टायरचं रबर चरचरलं.

शेठला वाटलं, मिस्त्री वेड लागून बरळतोय. पण तो मूर्ख नव्हता. तीन गॅरेजं हिंडून त्यालाही थोडं कळू लागलं होतं.

‘‘हे उजवं थांबवलं, की डाव्याला फिरावंच लागेल. बरोबर ना मिस्त्री?’’

बरोबर होतं. पुस्तकात तसंच असतं.

त्याने कोपऱ्यातली पहार उचलली आणि सुसाट फिरणाऱ्या उजव्या चाकाच्या फटीत घातली.

पुस्तकाप्रमाणे डावं चाक फिरायला हवं होतं.

फिरलं नाही.

मग इंजिनाचा जोर जाणार कुठे? पहार फिरली. पहिल्या फेऱ्यात तिने शेठचा जबडा नेला. दुसऱ्या फेऱ्यात त्याला उचलून चाकाखाली आणलं. गाडीला हिसका बसला, दोन्ही घोड्या निसटल्या, आणि उजवी बाजू शेठच्या छातीवर खाली आली. चाक फिरतच होतं. किती वेळ फिरत होतं हे सांगता येणार नाही. हिरामणचा पाय तेव्हा कुठे होता, हे पुढे पंचनाम्यातही कुणी विचारलं नाही. पत्र्याच्या भिंतीला डोक्याएवढ्या उंचीपर्यंत रंग आला होता.

मग इंजिन गचके खाऊन बंद पडलं.

एलियासने डोळे उघडले. हात होता. मनगट सुजलं होतं, पण होता.

त्याने खाली पाहिलं.

डाव्या बाजूची घोडी आडवी पडली होती. जॅक लांब उडाला होता. डाव्या चाकाखाली काहीच नव्हतं.

चाक अजून जमिनीपासून वीतभर वर होतं.

त्याने दातांनी आणि डाव्या हाताने तार सोडवली, हात बाहेर ओढला. मग चाकाशी तोंड नेलं.

‘‘ओहोटी लागली रे, जनू. सोड आता. खरंच लागली.’’

आत त्रिकोण लुकलुकत होता.

‘‘जनू. तेल्याची हाक आहे. सोड.’’

तीनदा म्हणाला. चौथ्यांदा म्हणताना त्याचं लक्ष वर गेलं. हिरामण दारातून उतरून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. भावाचं नाव, ‘धर’ आणि ‘सोड’, दोन्ही. आणि भोंगासुद्धा.

हिरामणने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं.

ते अजून मिटलेलंच आहे.

एस्थर धावत आली, गल्लीतली माणसं आली. आठ जणांनी जोर लावला तेव्हा गाडीची डावी बाजू खाली आली. आठ जण. ती उचलायला नाही, खाली दाबायला. हे त्या आठ जणांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही, कारण पोलिसांना ‘उचलायला’ असंच लिहायचं होतं आणि लोकांनाही घरी जायचं होतं. मृत्यू अपघाती.

गणपती गेल्यावर, एलियासच्या सांगण्यावरून, कोळवेखारच्या लोकांनी बांध उकरला. जनू सापडला. बसलेला होता, खांद्याने मातीला रेटा देऊन. उजवा हात मनगटापासून नव्हता. डॉक्टर म्हणाले, खेकडे.

बांध पुन्हा बांधला. टिकलाय.

हिरामण अधूनमधून रोह्याला येतो. एस्थर त्याच्यापुढे चहा ठेवते, ‘‘घे रे बाबा’’ म्हणते. तो चहा पितो, एलियासच्या उजव्या हाताकडे बघतो, आणि पुढची गाडी पकडून जातो. एलियासच्या त्या हाताने आता पानाही नीट धरवत नाही. हाड सांधलंय. डॉक्टर म्हणतात, हात उत्तम आहे.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात, चिंचेखाली उभी आहे. एलियास तिथे जातो. ओहोटीची वेळ बघून जातो. शनिवारीसुद्धा जातो, हे एस्थरने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा उतरला होता. तो गाडीमागे वाकतो, चाकाशी काहीतरी पुटपुटतो, थोडा वेळ थांबतो आणि परत येतो. हवालदार आता हटकत नाहीत.

गाडीची बॅटरी पहिल्याच महिन्यात चोरीला गेली. मग सीटा गेल्या. मग तीन चाकं गेली.

चौथं निघालं नाही. नोंदवहीत कारण लिहिलंय: नट गंजले.